बोरॉन

बोरॉन : आवर्त सारणीच्या १३ व्या गटातील पहिले मूलद्रव्य. अणुक्रमांक ५, अणुभार १०.८१. ते धातुसदृश आहे. निसर्गात ते मुक्त स्थितीत आढळत नाही. त्याचे बहुतेक उपयोग संयुगांच्या रूपातच होतात.

आढळ व शोध : टाकणखार, कर्नाइट व कोलेमनाइट ही प्रमुख खनिजे. सर्वांत मोठे साठे तुर्कस्तानात आहेत. भारतात लडाखमधील पुगा खोऱ्यात उष्ण झऱ्यांपाशी टाकणखार सापडतो. १८०८ मध्ये पॅरिसला गे-ल्युसॅक व तेनार यांनी आणि लंडनला हंफ्री डेव्ही यांनी हे मूलद्रव्य वेगळे केले.

गुणधर्म : स्फटिकी बोरॉन काळे, कठीण व ठिसूळ असते, अस्फटिकी बोरॉन ही तपकिरी भुकटी असते. वितळबिंदू सु. २,०७६° से. थंड असताना ते विजेचे मंद वाहक असते. तापवल्यावर वाहकता वाढते.

टाकणखार : दागिन्याचा सांधा झाळताना सोनार त्यावर टाकणखार लावतो. आच लागताच त्यातील पाणी उडून तो लाहीसारखा फुलतो, मग वितळून काचेसारखा पारदर्शक होतो. या रसात धातूवरचा ऑक्साइडाचा थर विरघळतो आणि सांधा पक्का बसतो.

बोरिक अम्ल : मुंबईच्या उपनगरांत चाळीपासून मंडळाच्या खोलीपर्यंत कॅरमच्या पटावर बोरिक अम्लाची भुकटी, म्हणजेच ‘बोरिक पावडर’ भुरभुरतात. तिचे सपाट रेणू थरांनी रचलेले असतात. थरांमधील बंध दुबळे असल्याने ते एकमेकांवरून सरकतात. त्यामुळे घर्षण कमी होऊन सोंगट्या सुळकन जातात.

काच : बोरॉन ऑक्साइड मिसळलेली बोरोसिलिकेट काच उष्णतेने साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून तापमान एकदम बदलले तरी सहसा तडकत नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या बोरोसिल कंपनीचा अंधेरी पूर्वेला मरोळ येथे कारखाना होता. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील चंचुपात्रांमुळे हे नाव मराठी विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे.

अणुऊर्जा : निसर्गातील बोरॉनमध्ये सुमारे २० टक्के बोरॉन-१० व ८० टक्के बोरॉन-११ असते. बोरॉन-१० मंद न्यूट्रॉन मोठ्या प्रमाणात शोषते व त्यातून लिथियम आणि हीलियम तयार होतात. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत नियंत्रणासाठी बोरॉन कार्बाइड वापरतात. बोरॉन-१० चे प्रमाण वाढवण्याच्या पद्धतींवर तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने काम केले आहे.

शेती : वनस्पतींना बोरॉन अत्यल्प प्रमाणात आवश्यक असते. ते कमी पडल्यास फुलकोबीचे खोड पोकळ होते व गड्डा तपकिरी पडतो. जास्त झाल्यास पिकाला विषबाधा होते.

सावधगिरी : झुरळे मारण्यासाठी कणीक, साखर व बोरिक पावडर यांच्या गोळ्या करतात. खाद्यपदार्थासारख्या दिसणाऱ्या या गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. तोंड आल्यावर बाळाच्या जिभेला मधातून टाकणखार लावण्याचा जुना घरगुती उपाय धोक्याचा आहे. टाकणखार पोटात गेल्यास उलट्या, जुलाब व झटके येऊ शकतात. अशा वेळी बाळाला डॉक्टरांकडेच न्यावे.