बूथ-टकर, फ्रेडरिक

(२१ मार्च १८५३–१७ जुलै १९२९). ख्रिस्ती धर्मप्रसारक व हिंदुस्थानातील मुक्तिफौजेचे (सॅल्व्हेशन आर्मी) संस्थापक. जन्म बंगाल इलाख्यातील मोंघीर येथे. पंजाबात मुलकी अधिकारी असताना विल्यम बूथ यांच्या मुक्तिफौजेचे मुखपत्र त्यांच्या वाचनात आले आणि प्रतिष्ठेची व भरघोस वेतनाची ती सरकारी नोकरी सोडून १८८१ मध्ये इंग्लंडला जाऊन ते मुक्तिफौजेच्या कार्यात दाखल झाले. १९ सप्टेंबर १८८२ रोजी तीन सहकाऱ्यांसह ते मुंबई बंदरात उतरले. रस्त्यावर वाद्ये वाजवीत मिरवणुका काढल्याच्या आरोपावरून त्यांना तेथे कारावासही भोगावा लागला.

ज्यांना उपदेश करावयाचा त्यांच्याहून सुखात राहणाऱ्या उपदेशकाचा शब्द त्यांच्या अंतःकरणापर्यंत पोहोचत नाही, अशी दृढ श्रद्धा असल्यामुळे टकर यांनी साहेबी पोशाख, बूट व बंगला यांचा त्याग केला, ‘फकीरसिंग’ हे नाव धारण केले आणि भगवी वस्त्रे नेसून, अनवाणी हिंडून, हाती भिक्षापात्र घेऊन गावकरी देतील त्या अन्नावर ते निर्वाह करू लागले. हे व्रत निष्ठेने आचरणाऱ्या सहकाऱ्यांपैकी कित्येक तरुण येथील हवामानात आजारांना बळी पडले.

१८८८ मध्ये बूथ यांची कन्या एमा हिच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी बूथ-टकर हे संयुक्त आडनाव स्वीकारले. पुढे गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या पुनर्वसनासाठीही त्यांनी परिश्रम घेतले. सत्ताधारी वर्गात जन्मूनही दरिद्री प्रजेचे जिणे स्वेच्छेने पत्करणारा हा धर्मोपदेशक विरक्तीच्या इतिहासात आदराचे स्थान मिळण्यास सर्वथा पात्र आहे.