वसईच्या घंटा व दुसरी चाल

सातिवलीच्या पश्चिमेस वसईचा किल्ला आहे. सन १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी तो घेतला, आणि तिकडील इगर्ज्यांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून आपल्या देवळांत गेल्या. नाशकास नारोशंकराच्या देवळात व वाईजवळ मेणवलीस त्या आजही पाहावयास मिळतात. ह्या घंटांची गणती आपले इतिहासप्रेमी आवडीने करतात. परंतु ज्या पंथाच्या त्या घंटा, त्या पंथाबरोबर एक विद्याही आपल्या किनाऱ्यास लागली होती, तिची विचारपूस आम्ही फारशी केली नाही. ती विद्या म्हणजे काउंटरपॉइंट. एका चालीसमोर दुसरी स्वतंत्र चाल रचण्याची कला.

वसई पडण्यापूर्वी अवघी चौदा वर्षे, १७२५ साली, व्हिएन्नात योहान योझेफ फुक्स ह्याने ह्या विद्येवरील आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ गुरुशिष्यसंवादरूप आहे, तेव्हा आपल्याकडील वाचकास तो परका वाटू नये. शिष्याने प्रथम दिलेल्या स्वरासमोर एकच स्वर मांडावयाचा. मग एकास दोन, मग एकास चार. पुढे लांबवून अडकविलेले स्वर, आणि शेवटी सर्वांचे मिश्रण. हायडन बव्हंशी ह्याच पुस्तकावरून, गुरूवाचून शिकला. त्यातील एक नियम आम्हांस मोठा मार्मिक वाटतो: दोन चालींनी पंचमाचे वा सप्तकाचे अंतर राखून लागोपाठ एकाच दिशेने जाऊ नये. तंबोऱ्यात ज्या षड्जपंचमाची आम्ही पूजा करतो, त्याच्यावरच हा निर्बंध! कारण उघड आहे. स्वर इतके एकरूप झाले की दुसरी चाल पहिलीत विरघळून जाते. एक चढत असता दुसरीने उतरावे, हे बरे.

आपली सारंगी गवयाच्या मागोमाग जाते. ती छाया होय, प्रतिपक्ष नव्हे. गोव्याच्या मांडोतही दुसरा आवाज बहुधा पहिल्याची सोबतच करतो. तथापि तेथील चर्चच्या शाळांनी स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याचा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालविला, आणि तेथून सेबास्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) ही मंडळी मुंबईस आली, तेव्हा ही विद्या बोलपटांत शिरली. गायिका एक चाल गात असता व्हायोलिनांचा ताफा दुसरीच घेऊन येऊ लागला. गोन्साल्विसांनी तर १९५८ साली मुंबईत रागांवर आधारलेल्या आपल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजविल्या. शिष्य प्यारेलाल ह्यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नाव एका गाण्यात गुंफले. ते गाणे घरोघर पोहोचले. त्या रचना मात्र क्वचितच कोणाच्या कानी पडल्या.