तळघरापासून पेल्यापर्यंत : बिअर-वाहिनीच्या इतिहासाचे एक प्रकरण

बिअर थंड जागी टिकते आणि गिऱ्हाईक उबेच्या जागी बसते. या साध्या विरोधातून पानगृहाच्या रचनेचा एक जुना प्रश्न उद्भवला. पिंप तळघरात आणि विक्री वरच्या मजल्यावर, अशी व्यवस्था असेपर्यंत नोकराने सुरई घेऊन जिना चढावा-उतरावा, हाच दोहोंमधील दुवा होता. त्याची जागा नळीने घेतली. हा बदल सामान्यतः यंत्रकौशल्याचा विजय म्हणून सांगितला जातो. तथापि नळी ही केवळ वाट नसून तीही एक भांडेच आहे, आणि तिच्यात थांबलेल्या बिअरचे काय होते, हा प्रश्न प्रत्येक सुधारणेबरोबर नव्या रूपाने उभा राहिला.

कुलपे आणि जलदाबयंत्र यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने 1797 मध्ये बिअर वर ओढण्याच्या योजनेचे पेटंट घेतले. पुढे हातपंप इंग्लंडमधील पानगृहांचे ओळखचिन्हच बनला. नोकराची खेप वाचली आणि मालाचे माप मालकाच्या नजरेसमोर आले. परंतु एकोणिसाव्या शतकात या पंपांना जोडलेल्या नळ्या पुष्कळ ठिकाणी शिशाच्या असत. शिसे स्वस्त आणि हवे तसे वाकणारे; बिअर मात्र किंचित आम्ल. रात्रभर नळीत राहिलेल्या बिअरमध्ये शिसे उतरे. वास्तविक हा धोका अज्ञात नव्हता. डेव्हनशायरमधील पोटशुळाच्या साथीचे कारण सफरचंदाच्या मद्यात मिसळणारे शिसे होय, असे जॉर्ज बेकर या वैद्याने 1767 मध्ये, म्हणजे ब्रामाच्या पेटंटपूर्वी तीस वर्षे, दाखवून दिले होते. सकाळचा पहिला पेला ओतून द्यावा की विकावा, हा निर्णय दुकानदाराचा होता. त्याचे फळ मात्र पहिल्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला येई.

याच 1767 सालच्या सुमारास जोसेफ प्रीस्टली लीड्स येथील एका ब्रुअरीत आंबवणाच्या टाक्यांवर साचणाऱ्या वायूचे प्रयोग करीत होता. 1803 मध्ये विल्यम हेन्रीने नियम मांडला : तपमान स्थिर असता द्रवात विरघळणारा वायू त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात असतो. पुढे 1870 नंतरच्या दशकात कार्ल फॉन लिंडे याची शीतयंत्रे म्यूनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत आली आणि थंडी ही ऋतूवर अवलंबून राहिली नाही. कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बिअर ढकलण्याची पद्धत रुळल्यावर हेन्रीचा नियम प्रयोगशाळेतून पानगृहात आला. दाबाला आता दोन कामे होती : विरघळलेला वायू धरून ठेवणे आणि द्रव पुढे लोटणे. अंतर थोडे असता दोन्ही कामे एकाच दाबाने साधतात. अंतर वाढले की ती परस्परविरोधी होतात. दाब कमी पडल्यास वायू नळीतच सुटतो. वाढविल्यास पिंपातील बिअर जादा वायू शोषून घेते. परिणाम दोन्हीकडे एकच : पेल्यात फेस.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सुमारे 3 अंश सेल्सिअस तपमानाच्या बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीचपट कार्बन डायऑक्साइड टिकविण्यास या वायूचा सुमारे 1.8 वातावरण निरपेक्ष दाब लागतो. तीस मीटर लांबीची आणि वर चढणारी नळी समजा एकूण 2.6 वातावरण मागते. उरलेला भाग अत्यल्प विरघळणाऱ्या नायट्रोजनने भरून काढावा, म्हणजे मिश्रणात कार्बन डायऑक्साइड सुमारे 70 टक्के ठेवावा, हे त्यावरील उत्तर. नायट्रोजनचा उपयोग गिनेसने 1959 मध्ये केला होता, पण तो दाट फेसासाठी. नळी वाटेत तापू नये म्हणून तिच्या शेजारून ग्लायकोलचे थंड मिश्रण खेळवितात आणि सर्व नळ्या एकाच उष्णतारोधक आवरणात गुंडाळतात.

घर्षण कमी करण्यासाठी नळी रुंद करावी, तर जुना प्रश्न परत येतो. 6.35 मिलिमीटर आतील व्यासाच्या तीस मीटर नळीत एक लिटरहून किंचित कमी बिअर मावते, 9.5 मिलिमीटरच्या नळीत दोन लिटरांहून अधिक. शिसे गेले, पण जंतू व क्षार यांचा थर राहिला. म्हणून दर दोन आठवड्यांनी नळ्या धुवाव्यात असा दंडक आहे. प्रत्येक धुण्याच्या वेळी नळीतील माल वाया जातो. साहजिकच तो ओतून देण्यात होणारी कुचराई हीही जुनीच गोष्ट ठरते.

वायूच्या दाबावरच आक्षेप घेणारी ग्राहक-चळवळ इंग्लंडमध्ये 1971 मध्ये उभी राहिली आणि हातपंप टिकून राहण्यास तिचा हातभार लागला. उलट 2016 मध्ये ब्रुज येथील द हाल्व्हे मान या ब्रुअरीने शहराखालून तीन किलोमीटरहून लांब वाहिनी टाकली. ती मात्र बाटल्या भरण्याच्या कारखान्यापर्यंत जाते, पेल्यापर्यंत नव्हे. तिने जुन्या नगरातील मालमोटारींची वर्दळ कमी केली, वाढपाचा प्रश्न सोडविला नाही.

यावरून असे दिसते की, अंतर कापणे ही अडचण बव्हंशी सुटलेली आहे. अंतराची किंमत कोणी सोसावी, हा प्रश्न सुटलेला नाही. म्हणून उपाहारगृहाचा आराखडा आखताना शीतगृह तोटीच्या जितके जवळ आणता येईल तितके आणणे, हा पंप, वायू आणि शीतयंत्र या सर्वांच्या आधीचा निर्णय ठरतो. तो चुकला तर त्याची भरपाई एक तर मालकाने रोज ओतून द्यावी लागते, नाही तर सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने पिऊन.