शालेय आरोग्य तपासणी
शालेय आरोग्य तपासणी ही शाळकरी मुलांमधील आजार व व्यंगे लवकर ओळखून त्यांवर उपचार मिळवून देणारी सार्वजनिक आरोग्यसेवा आहे. महाराष्ट्रात ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत चालते. हा केंद्रीय कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे सुरू झाला.

स्वरूप
फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असतात. शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा, तर अंगणवाड्यांत दोनदा तपासणी होते. जन्मजात व्यंगे, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार गटांतील दोष शोधले जातात. गरजू मुलांना रुग्णालयात पाठवून आवश्यकतेनुसार शस्त्रक्रियाही मोफत केली जाते.

स्थलांतराचा परिणाम
बीड जिल्ह्यातील तेलगाव-धारूर परिसरातून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. या काळात पथक शाळेत आल्यास आईवडिलांसोबत गेलेली मुले तपासणीतून सुटतात. आधी निदान झालेल्यांच्या उपचारांतही खंड पडतो. त्यामुळे अशा गावांत जून ते सप्टेंबरदरम्यान झालेली तपासणी अधिक मुलांपर्यंत पोहोचते. हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहिलेली मुले मात्र शाळेतच असल्याने वर्षभर या सेवेच्या कक्षेत राहतात.