संतांचा लॅटिन भाऊबंद

मराठी ‘संत’ आणि इंग्रजी ‘सेंट’ यांचें ध्वनिसाम्य पाहून पुष्कळ सुशिक्षित मंडळी दोहोंचें कूळ एकच समजतात. ही समजूत टिकणारी नाहीं. ‘सेंट’ हा लॅटिन ‘सांक्तुस’पासून आला, तें ‘विधिपूर्वक पवित्र करणें’ या अर्थाच्या क्रियापदाचें भूतकालवाचक धातुसाधित होय. आमचा ‘संत’ मात्र ‘अस्’ धातूचा वंशज: ‘सन्’ म्हणजे असणारा, अनेकवचन ‘सन्तः’.

मग संताचा खरा लॅटिन आप्त कोणता? ‘अस्ति’ व ‘सन्ति’ यांच्या शेजारीं ‘एस्त’ व ‘सुन्त’ हीं लॅटिन रूपें ठेवलीं म्हणजे धातूची ओळख पटते. पण त्याचें वर्तमानकालवाचक धातुसाधित अभिजात लॅटिनांत स्वतंत्रपणें चालत नाहीं. ‘प्राएसेन्स’ (उपस्थित) व ‘आब्सेन्स’ (अनुपस्थित) यांच्या पोटांत तेवढें तें दडलेलें आहे. ग्रीक तत्त्वज्ञान लॅटिनांत आणूं पाहणाऱ्या सेनेकानें आपल्या 58व्या पत्रांत या उणिवेबद्दल कुरकुर केली आहे. ‘एन्स’ हें रूप सीझरनें वापरल्याचें व्याकरणकार प्रिस्किअन सांगतो; तथापि तें रुळलें मध्ययुगीन पंडितांच्या हातीं. तें मागाहून घडविलेलें, वडिलोपार्जित नव्हे.

वडिलोपार्जित रूप भलत्याच वस्तींत नांदत होतें. ‘सोन्स’, षष्ठी ‘सोन्तिस’, अर्थ, अपराधी!

‘असणारा’ हा अपराधी कसा झाला? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनीं 1967 सालीं हित्ती भाषेच्या साह्यानें याचा उलगडा केला. इ. स. पूर्वीं चौदाव्या शतकांत मुर्सिली दुसरा या हित्ती राजानें महामारी हटावी म्हणून देवांची प्रार्थना केली. तींत पित्याच्या पापाची कबुली देतांना याच धातूच्या क्रियापदानें तो आधीं ‘तें आहे’ असें मान्य करतो आणि मग तें केल्याचें सांगतो. आरोप ऐकून जो ‘आहे’ म्हणतो, तोच ‘सोन्स’. संस्कृतांत असणारा तो खरा आणि खरा तो सज्जन. रोमांत खरा तो गुन्हेगार. पहिल्या मुक्कामापर्यंत वाट एकच.

ही उपपत्ति आम्हांस पटते. इ. स. पूर्वीं 451-450 च्या द्वादश फलकांच्या कायद्यांत ‘मोर्बुस सोन्तिकुस’ हें न्यायसभेस हजर न राहण्याचें ग्राह्य कारण आहे. तेथें ‘अपराधी आजार’ म्हणण्यांत कांहींच स्वारस्य नाहीं; ‘खरा आजार’ हा अर्थ सरळ लागतो. बहाणेखोर पक्षकार त्या काळींही असलेच पाहिजेत! जुन्या इंग्रजींतील ‘सोथ’ म्हणजे सत्य, तोही याच कुळांतला. आणि पाप या अर्थाचा ‘सिन’ देखील बहुतेक त्याच घरचा.