जलील, इम्तियाज

(१० ऑगस्ट १९६८ – ). दूरचित्रवाणी पत्रकार, औरंगाबादचे माजी आमदार व माजी खासदार. जन्म औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात, औरंगाबाद शहरातच. व्यवस्थापन आणि पत्रकारितेच्या शिक्षणानंतर 'लोकमत' समूहात बातमीदारी केली. पुढे एनडीटीव्ही वाहिनीसाठी अनेक वर्षे पुण्याहून वार्तांकन केले.

२०१४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर नोकरी सोडून ते ऑल इंडिया मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचे (एमआयएम) औरंगाबाद मध्यचे उमेदवार झाले. त्या वर्षी शिवसेना-भाजप युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी दोन्ही फुटल्या होत्या. शिवसेनेचे प्रदीप जैस्वाल आणि भाजपचे किशनचंद तनवाणी यांच्यात मते विभागली गेली आणि जलील निवडून आले. पडद्यावरच्या ओळखीमुळे ते आमदार झाले असे सर्रास म्हटले जाते. मतांची बेरीज पाहता ते अर्धेच खरे आहे. राज्यात पक्षाला त्या वेळी दोनच जागा मिळाल्या. दुसरी मुंबईतील भायखळ्याची.

औरंगाबादची २०१९ ची लोकसभा निवडणूक याहून चुरशीची झाली. प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीशी एमआयएमची युती झाल्याने मुस्लिम मतांना दलित मतांची जोड मिळाली. १९९९ पासून खासदार असलेले शिवसेनेचे चंद्रकांत खैरे समोर होते. कन्नडचे माजी आमदार हर्षवर्धन जाधव यांनी ट्रॅक्टर चिन्हावर अडीच लाखांहून अधिक मते खेचली, त्यात बराचसा मराठा मतदार होता. जलील ४,४९२ मतांनी जिंकले. हैदराबादबाहेर लोकसभेची जागा एमआयएमला प्रथमच मिळाली. काझी सलीम यांच्यानंतर औरंगाबादला मुस्लिम खासदार लाभला. वंचितशी जमलेले सूत मात्र त्याच वर्षी, विधानसभेच्या जागावाटपावरून तुटले.

लोकसभेत २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षण विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. विरोधातली ती दोन मते पक्षाध्यक्ष असदुद्दीन ओवैसी आणि जलील यांची. इतर मागासवर्गीय व मुस्लिम महिलांसाठी स्वतंत्र वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप होता. त्याच वर्षी शहराच्या नामांतराविरुद्ध जलील यांनी उपोषणही केले. पक्षाचे प्रदेशाध्यक्षपदही त्यांच्याकडे होते.

२०२४ मध्ये खैरे पुन्हा रिंगणात होते, शिवसेना दुभंगलेली होती, तरी २०१९ चे गणित जुळले नाही. वंचितची साथ नव्हती. शिवसेनेच्या शिंदे गटाचे संदिपान भुमरे एक लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले, जलील दुसरे आले. काही महिन्यांतच विधानसभा निवडणुकीत औरंगाबाद पूर्वमध्ये भाजपचे अतुल सावे यांनी त्यांना २,१६१ मतांनी हरवले. याच मतदारसंघात पूर्वी एमआयएमकडून लढलेले गफ्फार कादरी या वेळी समाजवादी पक्षाचे उमेदवार होते. त्यांना पडलेली मते या फरकाहून जास्त होती.