ए नाही, बी नाही... मग कोण?

कावीळ हा शब्द आपण फार सैल वापरतो. डोळे पिवळे झाले की कावीळ! मग उसाचा रस, पथ्याचं जेवण आणि गावाकडचा कोणीतरी 'कावीळ उतरवणारा'. पण कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीनवरचा एरर मेसेज. बग भलतीकडेच असतो.

१९७५ पर्यंत हिपॅटायटिस ए आणि बी ओळखता येऊ लागले होते. तेव्हा अमेरिकेत हार्वे आल्टर, रॉबर्ट परसेल वगैरे मंडळींच्या लक्षात आलं की रक्त चढवल्यावर ज्यांच्या लिव्हरला सूज येते, त्यातले बरेच जण दोन्हीतही बसत नाहीत. नाव काय दिलं? 'नॉन-ए, नॉन-बी'. दोन्ही इफ फेल, उरलेलं सगळं एल्समध्ये :)

गंमत म्हणजे या एल्सचा एक धागा आपल्या पुण्यात येतो. १९५५-५६ मध्ये दिल्लीत दूषित पाण्यामुळे काविळीची प्रचंड साथ आली होती. तेव्हाचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या खोर्शेद पावरी आणि सहकाऱ्यांनी परसेल यांच्यासोबत तपासले. १९८० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: ही साथ ए किंवा बीची नव्हतीच. म्हणजे एल्समध्ये एक नाही, दोन बग होते. पाण्यातून येणारा तो पुढे ई ठरला. रक्तातून येणारा सी.

सी सापडला १९८९ मध्ये. मायकेल हॉटन आणि त्यांच्या टीमने विषाणू डोळ्यांनी न पाहता, जनुकांचे लाखो तुकडे चाळून एक नेमका तुकडा शोधला. याला म्हणतात डिबगिंग! २०२० चं नोबेल आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना मिळालं.

आता आपल्या घरचं. भारतात रक्तपेढ्यांना सीची तपासणी सक्तीची झाली २००१ साली. माझा जन्म नाशिकचा, त्याच्या आधीचा, आणि बाळंतपणात आईला दोन बाटल्या रक्त दिलं होतं. हे सगळं वाचल्यावर मी तिला टेस्ट करायला लावली. "मला काय धाड भरलीय?" म्हणाली. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण तो येईपर्यंतचे दोन दिवस कसे गेले ते विचारू नका.

तिचा प्रश्न मात्र रास्तच होता. सीची पंचाईत हीच की बहुतेकांना सुरुवातीला काहीच होत नाही. झालंच तर थकवा, भूक मंदावणं, गडद लघवी, क्वचित कावीळ. दहातल्या साधारण सात जणांत विषाणू मुक्काम ठोकतो आणि वीसेक वर्षांत काहींचं लिव्हर निकामी करतो. लस अजून नाही. औषध मात्र आहे: साधारण बारा आठवडे गोळ्या, आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांवर मोफत आहेत.

तेव्हा घरात कोणाला २००१ च्या आधी रक्त चढवलंय का, एवढं आज जेवताना विचारा. बस्स.